आधी फोटो, मग संघ

…नाही, पण मला एक सांगा, तुम्ही सगळी चार पावसाळे पाहिलेली माणसं आहात, घराला आधी रंग देऊन मग भिंती बांधलेल्या कोणी पाहिल्यात का? आधी ढेकर देऊन मग जेवायला बसलेला माणूस? नाही ना? मग संघ निवडायच्या आधी संघाचा फोटो कसा काय काढतात हो! आणि नुसता काढून थांबत नाहीत, छापतात! बसवर, पुलावर, बिस्किटाच्या पुड्यावर! आणि छापून झाल्यावर मला म्हणतात, "कोच, आता फोटोप्रमाणे संघ द्या." फोटोप्रमाणे संघ! मी काय शिंपीण आहे का, मापं घेऊन माणसं शिवायला? अहो, संघ कोण निवडतं? मी! संघ मी निवडते! नेमणुकीच्या कागदावर तसं लिहिलंय, खाली सही आहे, शिक्का आहे, शिक्का जरा तिरका पडलाय पण आहे!

थांबा, अशी मधूनच सुरुवात केली तर तुम्ही म्हणाल, ही बाई कोण आणि हिला झालंय काय. तुम्हाला सांगते, मी महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाची कोच. म्हणजे… आहे की होते, ते सगळं ऐकून तुम्हीच ठरवा. आत्ता आत्तापर्यंत आमच्या संघाकडे कुत्रं ढुंकून बघत नव्हतं. चुकले, कुत्री बघायची, कारण आम्ही ज्या मैदानावर सराव करायचो ते मैदान मुळात त्यांचंच. अंगात पुरुषांच्या संघाचे जुने शर्ट, बाह्या बोटांच्या टोकापर्यंत, गोलकीपरची अर्धी चड्डी नडगीपर्यंत, म्हणजे ती चड्डी अर्धी नव्हतीच, ती एक अपुरी पँट होती. आणि असल्या अवतारात माझ्या पोरींनी शेवटचा सामना जिंकला आणि जागतिक स्पर्धेत धडक मारली. पहिल्यांदा! आणि त्या संध्याकाळपासून जो तो फुटबॉलमधला तज्ज्ञ!

दात दुखतो म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेले. मला खुर्चीत आडवं घातलं, तोंडात दोन नळ्या, एक आरसा, कापसाचे बोळे, वरून दिवा, आणि हा बाबा दाढ पोखरता पोखरता मला म्हणतो, "कोच, तुमचं मधलं क्षेत्र फार पोकळ आहे." आधी मला वाटलं दातांबद्दल बोलतोय! म्हटलं, खरंच पोकळ असेल. तर म्हणतो, "दोन उंच मुली घ्या मध्ये, आणि ती डावीकडची म्हातारी काढून टाका." मी म्हणतेय "आँ… आँ…" तर म्हणतो, "दुखतंय का?" अहो दुखतंय, पण तिथं नाही दुखत! भाजीवाली वजन करता करता मला गोलकीपर सुचवते, लिफ्टमधला गृहस्थ तळमजला ते चौथा मजला एवढ्या वेळात अख्खा संघ बसवून देतो, आणि माझी सख्खी थोरली बहीण, आम्ही दोघी एकत्रच राहतो, जिला अजून गोल कुठल्या बाजूला करायचा ते ठाऊक नाही, ती म्हणते, "अगं, ती कुरळ्या केसांची घे हं, गोड आहे." म्हटलं ताई, मला गोड नकोय, गोल हवाय! संघ मी निवडते! तर म्हणते, "निवड बाई निवड, मी आपलं सुचवलं."

आणि निवडणं म्हणजे काय असतं, हे कोणी विचारत नाही. स्पर्धेत न्यायच्या फक्त तेवीस. शिबिरात होत्या अठ्ठावीस. म्हणजे पाच जणींना समोर बसवून सांगायचं, की बाई गं, तू घरी जा. लोक म्हणतात, चिठ्ठी लावून टाका ना फळ्यावर. का लावू? ज्या पोरीनं माझ्या शब्दाखातर नोकरीत रजा घेतली, जिची नखं काळीनिळी झाली, तिला चिठ्ठीनं सांगू? मी एकेकीला बोलावलं, स्टोअररूममध्ये, कारण कोचला केबिन नाही, बॉलच्या जाळ्या आणि चुन्याची पोती यांच्यामध्ये बसून सांगितलं. एक जण तर मलाच म्हणाली, "तुम्ही नका रडू, मॅडम." मी रडत नव्हते हो, चुना डोळ्यात गेला होता.

आणि राहिल्या त्या तेवीस. माझ्या. त्यातली शेवटची, जिच्यासाठी मी समितीशी सगळ्यात जास्त भांडले, ती टाचणी. टाचणी म्हणजे आमची डावीकडून पळणारी पोर. पोर म्हणते, पण एकतीस वर्षांची आहे. अंगानं एवढीशी, उभी राहिली तर वारा बाजूनं निघून जाईल, पण बॉल घेऊन निघाली की समोरच्या संघाला नुसती टोचत सुटते, म्हणून टाचणी. मैदानाच्या कडेला चुन्याची रेघ असते ना, तिच्यावरून ही अशी पळते की घरी जाताना हिचा डावा बूट पांढरा असतो. लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करते दिवसभर, उभं राहून, आणि मग येऊन पळते. एक गुडघा दुखरा आहे. पुढची स्पर्धा येईपर्यंत ती खेळणार नाही, हे तिलाही माहीत, मलाही माहीत. आता नाही तर कधीच नाही, असं आहे ते. आणि समिती म्हणते, "कोच, वय झालं हो तिचं." मी म्हटलं, वयानं पळत नाही ती, पायांनी पळते!

आता समिती म्हणजे कोण, तेही ऐका. एक मी. दुसरे आमचे सचिवसाहेब, ज्यांनी आयुष्यात बॉलला एकदाच लाथ मारली, तीही पार्किंगमध्ये गाडीच्या आड आला म्हणून. आणि तिसरे पेंगुळकाका. यांचं खरं नाव कागदोपत्री असेल कुठंतरी. मीटिंग सुरू झाली की काकांची मान छातीवर, आणि "सर्वानुमते" हा शब्द कानावर पडला की मान वर, हात वर, आणि पुन्हा मान खाली. बाकी एक शब्द ऐकू येत नाही, तेवढा एकच कसा ऐकू येतो, ते त्या झोपेलाच ठाऊक.

तर अजून समितीची मीटिंग व्हायची आहे, संघ माझ्या डोक्यात आहे, कागदावर यायचा आहे, आणि एके सकाळी सचिवसाहेब मैदानावर हजर. बरोबर फोटोग्राफर. "कोच, मुलींना उभं करा, संघाचा फोटो." म्हटलं, साहेब, संघ जाहीर कुठं झालाय? तर कसे हसले, असं, नाकातून. "अहो कोच, आमच्याकडे पद्धतच आहे. फोटो आधी काढून ठेवायचा. ऐनवेळी घाई होते, ऊन पडतं, कोणाचा डोळा मिटतो." ही पद्धत! ऐनवेळी ऊन पडतं म्हणून संघाच्या आधी फोटो! म्हटलं, आज एक जण नाहीये. टाचणीच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मी रजा दिलीय. उद्या काढू. तर म्हणतात, "एक नसली म्हणून काय बिघडलं? फोटोत कोण मोजतंय?"

कोण मोजतंय? तो फोटोग्राफर मोजत होता ना! अहो, माणूस होता की हवालदार! मागे आठ, मध्ये आठ, पुढे गुडघ्यावर सात. आणि पुढच्या रांगेत डावीकडचा गुडघा कमी! हा कॅमेऱ्यातून बघतो, मान हलवतो, पुन्हा बघतो. "छे! डावी बाजू पडतेय. डावीकडे कोणीतरी पाहिजे." मी म्हटलं, तेच तर मी समितीला ओरडून सांगतेय, डावीकडे टाचणी पाहिजे! तेवढ्यात ऑफिसातून आमची हसरी आली, शर्टांच्या ट्रंकेची किल्ली घेऊन. हसरी म्हणजे संघटनेच्या ऑफिसात पुढच्या टेबलावर बसते, आल्यागेल्याला बघते, फोन घेते. गोड पोरगी, कायम हसरी. फोटोग्राफरनं तिला पाहिलं आणि म्हणाला, "ही! ही डावीकडे!" बिचारी म्हणते, "अहो, मी किल्ली द्यायला आलेय." कोण ऐकतंय! ट्रंकेतून उरलेला एकच शर्ट निघाला, तो टाचणीचा, अकरा नंबरचा. घातला तिच्या अंगात, बसवलं गुडघ्यावर, आणि काढला फोटो. आणि काय फोटो आला म्हणता! माझ्या बावीस पोरी सकाळपासून पळून पळून लाल झालेल्या, तोंडं अशी की कोणीतरी त्यांच्याकडून उसने घेऊन पळालंय. आणि त्यात एकटी हसरी ताजीतवानी, प्रसन्न, दात कसे एका ओळीत. असणारच! तिला कुठं कोणी मैदानाला दहा चकरा मारायला लावल्या होत्या?

म्हटलं, मरो, फोटोच आहे. संघ मी निवडते! फोटोनं काय होतंय?

फोटोनं काय होतंय ते तुम्हाला सांगते. चार दिवसांनी टाचणीच्या आईच्या डोळ्यावरची पट्टी काढली. टाचणी तिला हाताला धरून दवाखान्याबाहेर घेऊन आली, आणि समोर बसथांब्यावर हे भलंमोठं पोस्टर! बिस्किट कंपनीनं संघाचा खर्च उचललेला, त्यांनीच लावलेलं. आणि साहेबांच्या कृपेनं पोस्टरवर सगळ्यात मोठ्ठं तोंड कुणाचं, तर जी छान हसतेय तिचं. आई बघतेय, बघतेय, डोळे बारीक करतेय. "अकरा नंबर तुझाच ना गं?" "हो आई." "मग हे तोंड कुणाचं?" आणि पोरीनं काही सांगायच्या आत म्हातारी मागं वळून दवाखान्यात! डॉक्टरांना म्हणते, "अहो, ऑपरेशन फसलं! पोटची पोर ओळखू येईना!" तुम्ही हसताय! मीही हसले असते, पण टाचणी ते मला सांगताना हसत नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, मी संघात आहे ना?" एवढंच. म्हटलं, आहेस म्हणजे काय! संघ मी निवडते!

आणि मग मीटिंग. मी माझी तेवीस नावं ठेवली टेबलावर. साहेबांनी शेजारी बिस्किटाचा पुडा ठेवला. आडवा. त्यावर तोच फोटो. आणि एक बोट नावावर, एक बोट तोंडावर, असं जुळवत चाललेत हो! "ही ही… बरोबर. ही ही… बरोबर. ही टाचणी कुठाय?" म्हटलं, ती त्या दिवशी रजेवर होती. "आणि ही हसणारी? हिचं नाव तुमच्या कागदावर नाही!" म्हटलं साहेब, ती तुमच्याच दाराशी बसते! रोज सकाळी तुम्हाला नमस्कार करते! पुड्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा पुड्याकडे. "अरेच्चा! तरीच मला ओळखीची वाटत होती." मला वाटलं, संपलं. साहेबांच्या लक्षात आलं. छे! माणूस चूक कळल्यावर सुधारतो असं तुम्हाला वाटतं ना? आमचा साहेब चूक कळल्यावर तिला पद्धत म्हणतो.

म्हणाले, "कोच, समजून घ्या. पुडे दुकानात गेलेत. आता संघ बदलता येणार नाही." अहो बदलायला आधी निवडला होता कुठं! म्हणाले, "कंपनीवाल्यांचा रोज फोन येतो, अकरा नंबरची मुलगी लोकांना फार आवडलीय. लहान मुलं पुड्यावरून कापून वहीला लावतात." म्हटलं, लावू देत, पण तिला खेळता येत नाही! तर काय म्हणावं या माणसानं? "अहो, सगळ्या कुठं खेळतात? बारा जणी बाकावरच बसतात ना? ही बसेल की. दिवसभर बसायचंच काम करते ती, तुमच्या टाचणीपेक्षा चांगली बसेल!" काकांकडे पाहिलं, म्हटलं हे तरी जागे होतील. काका पुड्यातलं एक बिस्किट हातात धरून झोपले होते.

आणि हसरीला विचारलं का कोणी? मी विचारलं. पोर रडकुंडीला आली. "मॅडम, माझ्याकडे बॉल आला की माझे डोळे मिटतात हो." पण साहेबांनी दुसऱ्याच दिवशी सरावाला बातमीवाले बोलावले, पुड्यावरची मुलगी बघायला. तिला उभी केली डावीकडे, टाचणीच्या जागी, आणि टाचणी कडेला उभी राहून तिला हळूच सांगतेय, "घाबरू नकोस, पाय फक्त असा धर." बघा मन! मी एक हलकासा पास दिला, आजारी माणसाला द्यावा तसा. बॉल गेला, हसरीच्या घोट्याला लागला, आणि हसरी… हसरी त्या बॉलला "सॉरी" म्हणाली! बॉलला! वाकून! एक बातमीवाला विचारतो, "कोच, हे वाकणं म्हणजे काही डावपेच आहे का?" मी तोंड उघडायच्या आत साहेब पुढे. "आत्ता सांगता येणार नाही." दुसऱ्या दिवशी पेपरात, "अकरा नंबरचं गुपित, प्रतिस्पर्धी बुचकळ्यात." प्रतिस्पर्धी कशाला? मीच बुचकळ्यात!

शेवटची मीटिंग. नावं पाठवायचा शेवटचा दिवस. मी ठाम बसले. म्हटलं, टाचणी गेली नाही तर तेवीसपैकी एकाही नावावर मी सही करणार नाही. संघ मी निवडते! साहेब म्हणाले, "बरं, मग खेळाडूंत नको. पण हसरी येणारच, कंपनीची अटच आहे. खेळाडूंबरोबर जाणाऱ्या माणसांत एक जागा काढा." चला, म्हटलं, काढू. बरोबर जाणारी पाच माणसं. कोण कोण? साहेब. काका. डॉक्टर, तो लागतोच, नियम आहे. मी. आणि साहेबांच्या सौभाग्यवती, सहाय्यक कोच म्हणून! म्हटलं, या कशाला? तर म्हणतात, "महिलांचा संघ आहे, बरोबर एखादी जबाबदार बाई नको का?" अहो, मग मी कोण? गोलपोस्ट? "तसं नव्हे हो कोच, पण तिची बॅग भरून झालीय." म्हटलं, काका? "काकांचा गेल्या वेळेसच मान राहून गेला होता." म्हणजे काका कापायचे नाहीत, वहिनी कापायच्या नाहीत, डॉक्टर कापता येत नाही, साहेब स्वतःला कापणार नाहीत! आणि मग ते पुन्हा टाचणीच्या नावाकडे बघायला लागले. बोट हळूहळू सरकतंय तिच्या नावाकडे…

आणि माझं डोकं फिरलं! मी टेबलावर हात आपटला आणि म्हटलं, "मग माझंच नाव काढा! जा तुम्ही सगळे, मी नाही येत!"

आता मला सांगा, माणूस असं रागानं बोलला तर काय म्हणायचं असतं? "छे छे, काहीतरीच काय, बसा, पाणी प्या," असंच ना? घरोघरी म्हणतात! माझी ताई आठवड्यातून एकदा म्हणते, "मी जाते हे घर सोडून," मी म्हणते, "आधी चहा घे," झालं, ती चहा घेते, विषय संपतो. जगाची रीत आहे ही! आणि इथं? साहेब उठून उभे राहिले. डोळ्यात पाणी! "कोच… याला म्हणतात त्याग! असा त्याग आजवर कोणत्याही कोचनं केला नाही. सर्वानुमते…" आणि काकांची मान वर, हात वर! हातात बिस्किटासकट!

मला माघार घेता आली असती. म्हणता आलं असतं, की अहो, रागात बोलले. ओठावर आलं होतं. पण साहेब त्याच दमात म्हणाले, "मग तुमच्या तेवीस जणी जशाच्या तशा मंजूर," आणि कागद माझ्यापुढे सरकवला. खालून पहिलं नाव टाचणीचं. आता मी माघार घेतली असती तर बोट पुन्हा तिच्या नावावर गेलं असतं. टाचणीच्या घरी एक म्हातारी नवे डोळे घेऊन टीव्हीसमोर बसणार होती. मग काय करणार? केली सही. तेवीसच्या तेवीस माझ्या. संघ मीच निवडला की नाही? बोला! निवडला! फक्त स्वतःला सोडून.

आणि रिकामी झाली ती जागा माझी, म्हणजे हसरीच्या गळ्यातल्या कार्डावर काय छापून आलं असेल? "मुख्य प्रशिक्षक"! टाचणीला कळलं तशी ती दारात येऊन उभी. "मॅडम, मग मी नाही जात." असं ओरडले तिच्यावर, असं ओरडले, की ताई स्वयंपाकघरातून पळत आली. म्हटलं, गप बस! संघ कोण निवडतं? तू की मी? माझी जागा घालवून तुला पाठवतेय, ती घरी बसायला? पळ! गेली रडत. संध्याकाळी माझा कोचचा कोट घेऊन आली, लाँड्रीतून, अशी कडक इस्त्री केलेला, आणि हळूच म्हणाली, "हसरीला देऊ का? थंडी असते म्हणे तिकडे." म्हणजे कोट माझा, इस्त्री टाचणीची आणि अंग हसरीचं. दे म्हटलं.

हसरी निघताना माझ्या पाया पडली. "मॅडम, मला काय कळतंय हो त्यातलं?" म्हटलं, काही कळून घेऊ नकोस. फोन कोटाच्या खिशात ठेव, वायर कानात घाल, वरून केस मोकळे सोड. मी इथून टीव्ही बघून सांगेन, ते तू तिथून ओरड. तेवढ्यानं तिला बरं वाटलं. म्हणाली, "ते जमेल मला."

आणि काल पहिला सामना. मी टीव्हीसमोर, मांडीवर फोन, शेजारी ताई. कॅमेरा गेला बाकाकडे. माझा कोट घालून हसरी उभी, हाताची घडी, काय रुबाब! ताई म्हणते, "कोच छान ठेवलीय हो त्यांनी." ताई! तुझी सख्खी बहीण इथं तुझ्या शेजारी बसलीय! "हो गं, पण ही टापटीप आहे." आणि तुम्हाला सांगते, टीव्हीवर सगळं उशिरा दिसतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! मी ओरडायचे, "मागे या गं, मागे!", ती तिथं ओरडायची, "मागे या!", तोवर पोरी बॉल घेऊन पुढे गेलेल्या असायच्या, आणि कोच मागे बोलावतेय म्हणून गोंधळून मध्येच थांबायच्या! त्यातच एक गोल बसला आमच्यावर.

उत्तरार्धात म्हटलं, आता पुरे. "हसरी, टाचणीला उतरव!" "कुणाच्या जागी, मॅडम?" "सात नंबरच्या!" "मॅडम… तिला वाईट वाटेल हो." "वाटू दे! आत्ता! आत्ताच्या आत्ता!" आणि उतरली टाचणी. पाठीवर अकरा नंबर, वर तिचं स्वतःचं तोंड. पंधरा मिनिटं बॉलच येईना तिच्याकडे. मग आला. ती निघाली… रेघेवरून… चुना उडतोय… एक टोचली, दुसरी टोचली, तो दुखरा गुडघा घेऊन ही बया थेट कोपऱ्यापर्यंत, आणि तिथून असा बॉल टाकला मध्ये, असा टाकला, की आमच्या उंच पोरीला नुसतं डोकं लावायचं होतं. लावलं! गोल!! बरोबरी! जागतिक स्पर्धेत आमच्या संघाचा पहिला गोल, आणि तो टाचणीच्या पायातून! मी खुर्चीवर उभी, हो, या वयात, खुर्चीवर! रडतेय काय, ओरडतेय काय. शिट्टी वाजली, हसरीचा फोन बंद केला, आणि पहिला फोन मला टाचणीच्या आईचा. "दिसली हो बाई! नीट दिसली! तीच होती!" मी म्हटलं, तीच होती हो आई, तीच होती. आणि ताई माझी, डोळे पुसत काय म्हणते? "कोचनं काय नेमक्या वेळी उतरवलं गं तिला! हुशार आहे हो पोर."

म्हटलं, असू दे. निदान पोरींशी दोन शब्द बोलावेत. टाचणीला "शाब्बास" म्हणावं, गुडघ्याला बर्फ लाव म्हणावं. लावला फोन. तिकडे नुसता गोंधळ, आरडाओरडा, प्रश्नांवर प्रश्न, कॅमेऱ्यांचा खडखडाट. उचलला. म्हटलं, "हॅलो, मी बोलतेय!" हसरीच होती. पण अहो, सवय हो, रोज दिवसभर पुढच्या टेबलावर बसून लागलेली सवय, त्या गर्दीत माझा आवाज तिला ओळखू आलाच नाही, आणि तिच्या त्या गोड आवाजात मला म्हणते, "नमस्कार! कोच मॅडम आत्ता मुलाखत देतायत. आपला काही निरोप आहे का?"

म्हटलं, "आहे ना. त्यांना म्हणावं, कोचचा फोन येऊन गेला."